पाच दगड, एक संत्रं आणि मागच्या आवारातला निंब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातल्या तिळगूळ समारंभात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातलं थोडं नीट करून दिलं आहे.)

सोसायटीचे अध्यक्ष, सचिव, कार्यकारिणीचे सदस्य, आणि हातात तिळगूळ धरून माझं भाषण कधी संपतं याची वाट पाहणाऱ्या माझ्या सगळ्या शेजाऱ्यांनो,

सचिव मला म्हणाले, "मॅडम, पंचवीस वर्षं झाली सोसायटीला, काहीतरी चांगलं बोला. फक्त लिफ्ट आणि पाण्याच्या टाकीवर नको, त्यावर तर आम्ही दर सभेत बोलूनच राहिलो." मी शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा माझ्याकडे जे आहे त्यातलंच काहीतरी देणार. निसर्गातल्या साध्यासुध्या वस्तूंचं सौंदर्य आपल्या पाच इंद्रियांनी कसं घ्यायचं, हा आजचा विषय. नाव भारदस्त वाटतं, पण वस्तू अगदी लहान आहेत, तुमच्या-माझ्या घरातल्याच आहेत. आणि शेवटी माझी एक मागणी आहे. ती मात्र सोसायटीच्या कामाची आहे, तेव्हा कार्यकारिणीने झोपू नये.

मघाशी आपल्याकडे बोरन्हाण झालं. तिसऱ्या मजल्यावरचं बाळ, दहा महिन्यांचं. त्याच्या डोक्यावरून बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे तुकडे, मुरमुरे, रेवड्या ओतल्या, आणि मोठी पोट्टी गोळा करायला तुटून पडली. तुम्ही बाळाकडे पाहिलं का? त्याने एक बोर उचललं. आधी दाबून पाहिलं. मग जमिनीवर आपटलं, आवाज ऐकला. मग सरळ तोंडात. आईने काढून घेतलं, ते योग्यच केलं, बी अडकायची भीती असते. पण मिनिटभरात त्या पोराने एका बोराची चार इंद्रियांनी तपासणी केली. त्याच मिनिटात आपण मोठी माणसं काय करत होतो? पंधरा-वीस मोबाइल वर धरून फोटो काढत होतो. म्हणजे एकच इंद्रिय वापरत होतो, तेही काचेतून.

मला सांगायचं आहे ते एवढंच. एखाद्या वस्तूचं रूप हा तिच्या सौंदर्याचा एक भाग झाला. उरलेलं सौंदर्य तिच्या वजनात, थंडाव्यात, वासात, चवीत आणि आवाजात असतं. ते लांबून मिळत नाही. त्यासाठी वस्तू हाताशी असावी लागते आणि तिच्याजवळ थोडा वेळ थांबावं लागतं.

आता उदाहरण घेऊ. आपल्या इमारतीतली बरीच कुटुंबं महालातल्या जुन्या वाड्यांतून आलेली आहेत. वाडा गेला, आड गेला, माजघर गेलं. देवघर मात्र फ्लॅटमध्ये आलं, मग ते स्वयंपाकघरातल्या एका फळीवर का असेना. काही घरांत अजून पंचायतन आहे. ज्यांच्याकडे आहे त्यांनी उद्या सकाळी ते जरा वेगळ्या नजरेने पाहा. त्यात मूर्ती नाहीत. पाच नैसर्गिक दगड आहेत. विष्णूसाठी गंडकी नदीतला शाळीग्राम. शंकरासाठी नर्मदेतला बाण. गणपतीसाठी शोण नदीतला तांबडा शोणभद्र. देवीसाठी सोनेरी झाक असलेली सुवर्णमुखी. आणि सूर्यासाठी स्फटिक. नर्मदा आणि शोण या दोन्ही नद्या अमरकंटकच्या परिसरात उगम पावतात. एक पश्चिमेला जाते, दुसरी उत्तरेला वळून गंगेला मिळते. आणि त्यांचे दोन दगड तुमच्या ताम्हनात शेजारी शेजारी बसलेले असतात.

शाळीग्राम म्हणजे तर समुद्रातला प्राणी आहे. ॲमोनाइट नावाचे शंखासारखे गुंडाळलेल्या कवचाचे प्राणी होते, त्यांचा जीवाश्म. वय साधारण पंधरा कोटी वर्षं. हिमालय तेव्हा नव्हता, त्या जागी समुद्र होता. आपण ज्याला चक्र म्हणतो ती त्या प्राण्याच्या कवचाची वळणं. हे कळल्यावर श्रद्धा कमी होते असं मला वाटत नाही. माझी तरी वाढली.

आपल्या गावात दगड, पक्षी, प्राणी पाहायची दुसरी जागा म्हणजे सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला. १८६३ सालचा. लहानपणी आपण सगळे तिथे गेलो. तिथे वस्तू काचेच्या कपाटात असतात, आणि 'हात लावू नये' असं लिहिलेलं असतं. ते बरोबरच आहे. रोज हजार हात लागले तर वस्तू टिकणार नाही. पण देवघरात नियम उलटा आहे. तिथे हात लावलाच पाहिजे. रोज तो दगड उचलायचा, पाण्याने धुवायचा, पुसायचा, गंध लावायचं, फूल वाहायचं. गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. पंचोपचार म्हणतो आपण. शिक्षिकेच्या नजरेने मला त्यात रोजचा एक सराव दिसतो. एकाच वस्तूभोवती नाक, डोळे, हात, जीभ, आणि घंटा वाजवली की कानसुद्धा, रोज दहा मिनिटं कामाला लावायचे. ज्या आजीने चाळीस वर्षं पूजा केली, तिला डोळे मिटूनही कुठला बाण आणि कुठला शोणभद्र हे सांगता येतं. बोटांना पाठ झालेलं असतं.

स्फटिकाचीच गंमत पाहा. खरा स्फटिक आणि काच दिसायला सारखे. पण खरा स्फटिक गालाला लावला की काचेपेक्षा थंड लागतो. कारण स्फटिक हाताची, गालाची उष्णता काचेपेक्षा झपाट्याने ओढून घेतो. जे डोळ्याला कळलं नाही ते गालाला कळतं.

ज्यांच्या घरी पंचायतन नाही त्यांच्याकडेही अशी वस्तू असतेच. कुणाकडे समुद्रावरून आणलेला शंख असेल. तो कानाला लावला की समुद्र ऐकू येतो म्हणतात. खरं तर आजूबाजूचाच बारीक आवाज त्या पोकळीत घुमतो. म्हणजे शंख आपल्याला आपल्याच खोलीचा आवाज वेगळा करून ऐकवतो. कुणाच्या पुस्तकात दीक्षाभूमीवरच्या बोधिवृक्षाचं गळलेलं पान असेल. श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या बोधिवृक्षाशी त्याचं नातं आहे. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि लवचीक असतो, टोकाला शेपटी असते. म्हणून बाकीची झाडं गप्प असतात तेव्हाही पिंपळ सळसळतो. डोळे मिटून ऐकलं तर पाऊस पडतोय असं वाटतं. ते जाळीदार पान बोटांत धरा. वजन लागत नाही हाताला, आणि तरी एकेक शीर बोटाला कळते.

आता देवघरातून बाहेर येऊ. आपण उभे आहोत ती जमीन कशाची आहे? नागपूर हे दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवरचं गाव आहे. पश्चिमेकडून आलेला काळा दगड, बेसाल्ट, म्हणजे सह्याद्री ज्याचा बनला तोच, इथे येऊन संपतो. सीताबर्डीची टेकडी त्याच काळ्या दगडाची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा दगड. आणि पूर्वेकडे त्याच्यापेक्षा कितीतरी जुने खडक. जवळच कामठीकडे वाळूचा खडक आहे, त्याला जगभरचे भूशास्त्रज्ञ 'कामठी' याच नावाने ओळखतात.

हे आपल्याला कोणी सांगितलं? सुरुवातीच्या माणसांत एक होते स्टीफन हिस्लॉप. ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते. १८४५ मध्ये स्कॉटलंडहून धर्मप्रसारासाठी नागपूरला आले. भूशास्त्र त्यांचा पेशा नव्हता. पण पायी हिंडताना त्यांना खाली पाहायची सवय होती. त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना गावाच्या पश्चिमेला टाकळीजवळ काळ्या दगडांच्या थरांमध्ये अडकलेल्या गोगलगायी आणि शिंपल्या सापडल्या. दगड झालेल्या. आणि त्या समुद्रातल्या नव्हत्या, गोड्या पाण्यातल्या होत्या. म्हणजे लाव्हाचा एक लोट येऊन थंड झाला, मग मध्ये बराच काळ शांतता होती, त्यावर तळी साचली, तळ्यात जीव राहिले, आणि मग पुन्हा लाव्हा आला. एवढी मोठी गोष्ट नखाएवढ्या शिंपल्यांनी सांगितली. १८५५ मध्ये त्यांचा नागपूरच्या भूगर्भावरचा लेख लंडनला प्रसिद्ध झाला. हिरव्या रंगाच्या एका कॅल्साइटला 'हिस्लोपाइट' हे नाव त्यांच्यावरूनच मिळालं. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळं पाहून रात्री परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडाले.

त्या रस्त्याने त्यांच्या आधी हजारो माणसं गेली असतील. दगड तेच होते. वाकून उचलणारे थोडे. तुम्हाला टाकळीला जायचीही गरज नाही. महालातल्या कुठल्याही जुन्या दगडी जोत्यावर पहाटे एकदा आणि दुपारी तीनला एकदा हात ठेवा. पहाटे तो गार असतो. मे महिन्यातल्या दुपारी चटका बसतो. आणि रात्री नऊ वाजता तोच दगड अजून कोमट असतो. दिवसभराचं ऊन त्याने साठवून ठेवलेलं असतं. दगडाला स्मरणशक्ती असते असं मी मुलांना सांगत असे. विज्ञानाच्या पुस्तकात ते वाक्य नाही, पण मुलांच्या लक्षात राहायचं.

आता नाक. नाकाची किंमत आपल्याला २०२० आणि २०२१ मध्ये कळली. त्या दोन वर्षांत आपल्यातलं कोण कोण गेलं ते इथे पुन्हा सांगत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. पण जे बरे झाले त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा वास गेला होता. याच इमारतीतल्या एक काकू म्हणाल्या होत्या, "ताई, फोडणी दिसते, ऐकू येते, पण फोडणी झालीच नाही असं वाटतं." चहा म्हणजे नुसतं गरम गोड पाणी. दूध करपलं तरी कळत नव्हतं. नातवाला जवळ घेतलं तर त्याच्या टाळूचा वास येत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

वास परत आणायला डॉक्टर एक सराव सांगत होते, तो आठवतो का? जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे डॉ. थॉमस हुमेल यांनी तो २००९ मध्ये मांडला होता, म्हणजे करोनाच्या कितीतरी आधी. चार वास. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ, एकेक वास, लक्ष देऊन, बारा आठवडे. ज्यांनी हे केलं त्यांच्यात सुधारणा जास्त दिसली. मला यातलं 'लक्ष देऊन' हे महत्त्वाचं वाटतं. नाक नुसतं असून चालत नाही. त्याला काम द्यावं लागतं. गवयाचा कान जसा तयार होतो तसं नाकही तयार होतं, आणि वापरलं नाही तर बोथट होतं. आणि यासाठी लागणारं जवळपास सगळं सामान आपल्या मसाल्याच्या डब्यात आणि भाजीच्या टोपलीत असतं.

पहिल्या पावसाच्या वासाबद्दल बोलल्याशिवाय नाकाचा विषय संपत नाही. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी या वासाला 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. ग्रीक भाषेत 'पेट्रा' म्हणजे दगड आणि 'आयकोर' म्हणजे देवांच्या अंगातून वाहणारं रक्त. दगडातलं देवांचं रक्त! आपण त्याला मृद्गंध म्हणतो, तेही सुंदरच आहे. कोरड्या दिवसांत वनस्पतींची तेलं माती आणि दगडांत मुरतात, ती पावसाने मोकळी होतात. शिवाय मातीतले सूक्ष्म जिवाणू 'जिओस्मिन' नावाचं एक द्रव्य तयार करतात. ओल्या मातीचा जो खास वास आपण ओळखतो तो त्याचा. माणसाचं नाक ते अतिशय थोड्या प्रमाणातही ओळखतं. पावसाचा थेंब सच्छिद्र मातीवर पडला की त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि वास हवेत उडवतात. कनौजला तर भाजलेल्या मातीतून हा वास चंदनाच्या तेलात उतरवून 'मिट्टी अत्तर' करतात. यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा, मला पुढे लागणार आहे. या वासाला माती लागते. जिवंत माती.

जिभेबद्दल नागपूरकरांना काय सांगायचं! पण तर्री पोह्यांच्या पलीकडे बोलू. आत्ता बाजारात संत्री आहेत. नागपूरचं संत्रं भोसल्यांच्या बागेतून पसरलं असं परंपरेने सांगतात, म्हणजे ते आपल्या महालचंच म्हणायला हरकत नाही. वर्षात दोन बहार. आंबिया बहाराची फुलं थंडीच्या शेवटी येतात आणि फळं दिवाळीच्या सुमारास सुरू होतात. मृग बहाराची फुलं पहिल्या पावसात आणि फळं फेब्रुवारी-मार्चला. आज रात्री घरी गेल्यावर एक प्रयोग करा. टीव्ही बंद करून सगळ्यांनी मिळून एकच संत्रं खायचं. आधी हातात घेऊन वजन पाहायचं. दिसायला मोठं पण हलकं असेल तर आत रस कमी. सालीवरून अंगठा फिरवायचा. बारीक बारीक खड्डे लागतात, त्या तेलाच्या पिशव्या. मग कानाजवळ धरून सोलायचं. आपलं संत्रं सैल सालीचं, त्यामुळे साल सुटताना एक मऊ आवाज येतो. साल वाकवून दिव्याच्या ज्योतीसमोर दाबली की फवारा उडतो आणि क्षणभर ठिणग्या दिसतात. हा भाग मोठ्यांनीच करायचा. फोडीवरचा पांढरा दोरा काढायचा. आणि मग ती फोड जिभेवर ठेवून, लगेच न चावता, पाच पर्यंत मोजायचं. मला सांगा, असं संत्रं तुम्ही शेवटचं कधी खाल्लंत?

आणि संत्र्याबरोबर आपल्या मुलांना विदर्भाच्या बाकीच्या चवी पण कळू द्या. चिचबिलाई, टेंभरं, कवठ, शिंगाडे, चारोळीची ताजी फळं. चिचबिलाईने घशाला जो तोठरा बसतो, तो कुठल्याही आइस्क्रीमच्या यादीत सापडणार नाही. सगळ्या चवी गोडच असल्या पाहिजेत असं कुणी सांगितलं? तुरट, कडू, आंबट यांनी जीभ शहाणी होते.

कानासाठी एक नाव सांगते. मारुती चितमपल्ली. वनखात्यातले अधिकारी, लेखक, सोलापूरला जन्मलेले आणि बरीच वर्षं नागपूरकर झालेले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. जंगलात राहणाऱ्या माणसांकडून त्यांनी पक्ष्यांची, झाडांची नावं गोळा केली आणि पक्षीकोश तयार केला. त्याचा आपल्याला काय उपयोग? नाव माहीत असलं की आवाज वेगळा ऐकू येतो. उन्हाळ्याच्या तोंडाला सकाळपासून एकसारखी टुक-टुक-टुक चालते. ती कुणाच्या बोअरवेलची मोटर नसते, बरं का. तो तांबट. तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा आवाज काढतो म्हणून तांबट. एकदा हे नाव कळलं की तो आवाज गाड्यांच्या गोंगाटातूनही वेगळा निघतो. पहाटे शीळ घालतो तो दयाळ. भरदुपारी खोल आवाजात हूप-हूप करतो तो भारद्वाज. महालच्या एवढ्या गर्दीत, एवढ्या भोंग्यांत हे तिघं आपल्या मागच्या आवारात येतात. कशासाठी येतात? निंबासाठी.

आता मी मागणीकडे येते.

मागच्या आवारातला कडुनिंब सोसायटीच्या आधीपासूनचा आहे. बांधकाम झालं तेव्हा तो वाचला. पुढच्या महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा आहे आणि विषयपत्रिकेवर मागच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवून दुचाकींसाठी जागा करण्याचा विषय आहे. झाड अडचणीचं ठरलं तर परवानगी काढून ते तोडायचं, असंही त्यात लिहिलेलं आहे. मी विरोधाला विरोध करणारी नाही. अडचण खरी आहे. पंचवीस वर्षांपूर्वी एका घरात एक स्कूटर होती, आज तीन गाड्या आहेत. पावसाळ्यात तिथे चिखल होतो आणि मागच्या वर्षी तळमजल्यावरचे आजोबा घसरले होते. निंबोळ्या पडतात, माश्या घोंघावतात, झाडायला बाई कुरकुर करते. हे सगळं मला मान्य आहे.

फक्त एवढं बघा, की ज्या पाच इंद्रियांबद्दल मी अर्धा तास बोलले, त्या पाचांना पुरेल असं आपल्या आवारात एकच झाड उरलं आहे. फाल्गुनात त्याची पानं झडतात आणि तांबूस, चकचकीत पालवी येते, ती डोळ्यांसाठी. बुंध्याची साल उभ्या भेगांची, खरबरीत, ती हातासाठी. मेच्या दुपारी त्याच्या सावलीतली माती आणि उन्हातली फरशी यांच्यावर आळीपाळीने अनवाणी उभं राहून पाहा, पायांना फरक कळेल. पाडव्याला त्याचा पाला आपण गूळ-ओव्याबरोबर खातो, ती कडू चव जिभेसाठी. आणि पिकलेल्या निंबोळीचा गर गोडसर असतो, हे किती मुलांना माहीत आहे? त्या गरासाठीच बुलबुल आणि कोकिळा येतात. कानाचं सांगून झालं. आणि नाकासाठी मोहोर. एवढ्या कडू झाडाच्या एवढ्याशा पांढऱ्या फुलांना मधासारखा वास असतो. दुपारी तो जाणवत नाही. संध्याकाळी सातनंतर, ऊन उतरल्यावर, तो खाली येतो. वरच्या मजल्यांवर गच्चीतही येतो. पहिल्या पावसाचा वासही आपल्या आवारात फक्त त्या एका मातीच्या तुकड्यातून येतो. बाकी सगळीकडे सिमेंट आहे.

मार्ग निघू शकतो. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांच्या बाबतीत बुंध्याभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं होतं, कारण मुळांना पाणी आणि हवा लागते. आपण त्याच्या दुप्पट जागा मोकळी ठेवू शकतो. उरलेल्या भागात मध्ये भोकं असलेले, माती उघडी ठेवणारे ब्लॉक बसवता येतात. गाड्या उभ्या राहतील, चिखल होणार नाही, पाणीही मुरेल. चालायला भिंतीच्या कडेने तीन फुटांची फरसबंद वाट करू, म्हणजे आजोबा घसरणार नाहीत. आठ-दहा गाड्या कमी बसतील, हे खरं. त्याचा हिशेब सभेत करू.

पण माझी आजची मागणी यापेक्षा लहान आहे. सभा पुढच्या महिन्यात ठेवली आहे. माघात निंब काही फार देखणा नसतो. थोडा धुळकट, पानं पिवळी पडायला लागलेली. पालवी आणि मोहोर त्यानंतरचे. तेव्हा सभा चैत्र संपल्यावर घ्या. दोन-अडीच महिन्यांनी पार्किंग अडत नाही. तोपर्यंत प्रत्येक घराने एकदा, फक्त दहा मिनिटं, संध्याकाळी सातनंतर मोबाइल घरी ठेवून त्या झाडाखाली उभं राहायचं. लहान मुलांना न्यायचं, आजी-आजोबांना खुर्ची टाकून बसवायचं. ज्यांचा वास अजून नीट परत आलेला नाही त्यांनी तर जरूर यावं. आणि मग सभेत हात वर करायचा, ज्या बाजूने करायचा त्या बाजूने. वासानंतरही कुणाला गाडीच हवी वाटली, तर मी त्यांच्याशी भांडणार नाही. न अनुभवलेल्या वस्तूवर मत देऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

सचिवसाहेब, हा तारीख पुढे ढकलण्याचा लेखी अर्ज. त्यावर अकरा घरांच्या सह्या आहेत. उरलेल्यांनी तिळगूळ घेऊन जाताना टेबलावर सही करावी, पेन बांधून ठेवलं आहे.

तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि चैत्रात मात्र थोडा कडूनिंब खा.